शब्द ओळखीचा, भाषा परकी: तुमचे अनुभव लिहा

रानजाई
काल बसमध्ये मागून "तंबी, इंगे वा" ऐकलं आणि वीस वर्षं मागे गेले. होस्टेलला माझी रूममेट तमिळ होती. रोज रात्री फोन लावला की पहिला शब्द "तंबी". मला वाटायचं, ही रोज कुणाला एवढा दम देते? पण आवाज तर इतका मऊ! शेवटी विचारलंच. तंबी म्हणजे धाकटा भाऊ. तो त्या वर्षी पहिल्यांदाच घराबाहेर राहायला गेला होता, हिचा जीव टांगणीला. आपली तंबी अरबीतून फारसीमार्गे आलेली, म्हणजे ताकीद. दोन्ही शब्दांचं एकमेकांशी काडीचं नातं नाही, तरी मला आता 'तंबी दिली' वाचलं की तीच आठवते.
तुम्हालाही असे शब्द भेटले असतील ना?

निवांत
'वा' म्हणजे ये. मोठ्यांना 'वांग'. समोरच्या तमिळ आजी आईला दारात बघून "वांग, वांग" म्हणायच्या आणि आई घरी येऊन आरशात गाल निरखायची. कितीतरी दिवस!

पायवाट
पाल = दूध. तमिळ, मल्याळम दोन्हीकडे.

निवांत
एवढंच? किस्सा सांगा की.

पायवाट
वहिनी मल्याळी. लग्नानंतर पहिल्याच सकाळी ओट्यापाशी ती "पाल, पाल!" ओरडली, मी खुर्चीवर. दूध उतू गेलं. आणि गंमत म्हणजे आपल्या पालीला तिकडे पल्ली म्हणतात.

कडुलिंब
शिक्षा! हिंदीत शिक्षण.

रानजाई
ती दोन्हीकडे संस्कृतचीच हो, फक्त अर्थ फाटले. जर्मन 'गिफ्ट' म्हणजे विष, पण तेही इंग्रजी गिफ्टचं सख्खं भावंड, दोघांचं मूळ 'देणे'. मला परक्यांची गाठ हवीय.

सांजवेळ
मग 'माती' घ्या. जहाजावर ज्युनिअर इंजिनिअर होतो. इंडोनेशियन ऑइलर धावत आला, "मेसिन माती!" मी फिल्टर उघडून गाळ शोधतोय, तो हात हलवून नाही नाही म्हणतोय. त्यांच्यात माती म्हणजे मेलेला; बंद पडलेल्या इंजिनाला, विझलेल्या दिव्यालाही तेच. पुढे एक ग्रीक चीफ भेटले, त्यांची 'माती' म्हणजे डोळा. आणि इंडोनेशियनमध्ये डोळ्याला 'माता'! ग्रीक आणि इंडोनेशियन, दोन्हींचा संबंध शून्य.

चिंचबन
आमच्याकडे 'मातीला गेलो' म्हणजे अंत्यविधीला गेलो. तुमच्या ऑइलरची माती आणि आमची शेवटी एकाच ठिकाणी पोचली बघा.

सांजवेळ
हे लक्षातच आलं नव्हतं. वडिलांच्या मातीला पोचता आलं नाही मला, तेव्हा समुद्रात होतो. तो ऑइलरच रात्रभर शेजारी बसून होता.

चिंचबन
दादा, काय बोलू. त्याची सोबत होती हे बरं झालं.

कडुलिंब
एका वाक्यात दोन परके: पाव किलो पाव. पहिला संस्कृत 'पाद'वरून, दुसरा पोर्तुगीजांकडून. चालेल का?

रानजाई
पळेल! 'देवा, मला पाव' राहिलाच, तो 'प्राप्'वरून आलेला तिसरा.

निवांत
रानजाई, रूममेटशी बोलणं होतं का अजून?

रानजाई
होतं. काल बसमधूनच फोन केला. तंबीला मुलगी झालीय. लेकीला क्लासवरून आणायला निघते, उरलेलं रात्री वाचते.