घरी बांधलेल्या सिंथचा (इलेक्ट्रॉनिक वाद्याचा) सूर पंधरा मिनिटांत अडीच अर्धस्वर चढतो. दोष कुठे शोधू?

खर्जवाली:

नमस्कार मंडळी. गेले चार महिने रात्रीची आवराआवर झाली की मी टेबलावर सोल्डरिंग आयर्न घेऊन बसते. सुरुवात सीडी४०१०६ या आयसीपासून केली. एका आयसीत सहा इन्व्हर्टर (सिग्नल उलटा करणारे भाग), प्रत्येकाला एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर लावला की सहा ऑसिलेटर (सूर निर्माण करणारी सर्किटं) तयार. पहिला आवाज स्पीकरमधून आला तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना उठवलं होतं. पण तो डबा फक्त गुरगुरतो, त्यावर सूर लावून काही वाजवता येत नाही.

मला वाजवता येणारं हवंय. माझी लेक बासरी शिकते. तिच्या सुराखाली एक जाड, संथ खर्ज धरून ठेवायचा, एवढंच या सिंथचं काम. म्हणून आता एक व्होल्टला एक सप्तक या हिशेबाचा व्हीसीओ (व्होल्टेजने सूर बदलणारा ऑसिलेटर) ब्रेडबोर्डवर जुळवलाय. रचना अशी: सीडी४०१०६ चा एक इन्व्हर्टर, आउटपुटकडून इनपुटकडे १एन४१४८ डायोड, इनपुटपासून ग्राउंडला २.२ नॅनोफॅरडचा कपॅसिटर. बीसी५४७ हा ट्रान्झिस्टर त्या कपॅसिटरमधून करंट ओढतो, व्होल्टेज खाली आलं की डायोडमधून झटक्यात परत भरतं, आणि सॉटूथ, म्हणजे करवतीच्या दातांसारखी लहर, मिळते. बीसी५४७ च्या आधी बीसी५५७ हा दुसरा ट्रान्झिस्टर एमिटर फॉलोअर म्हणून आहे. कीबोर्डचं व्होल्टेज १०० के आणि १.८ के च्या डिव्हायडरमधून त्याच्या बेसला जातं. पुढे टीएल०७२ चा बफर. सप्लाय १२ व्होल्ट एसी अडॅप्टरवरून, हाफ-वेव्ह रेक्टिफायर, मग ७८१२ आणि ७९१२ हे रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारे आयसी).

आवाज फार सुंदर आहे. पण सूर थांबत नाही. काल घड्याळ लावून मोजलं. चालू केल्यावर २२० हर्ट्झला ट्यून केला. पाच मिनिटांनी २३६, पंधरा मिनिटांनी २५४, आणि मग तिथेच स्थिर. टेबलफॅन लावला तर २४१ वर उतरतो. बंद करून अर्ध्या तासाने चालू केला की पुन्हा २२० पासून तीच चढण.

सप्लाय तपासला, १२.०२ व्होल्ट, शेवटपर्यंत हलत नाही. कपॅसिटर आधी सिरॅमिक डिस्क होता, तो काढून पॉलिप्रोपिलीनचा लावला. काही फरक नाही. आता टेम्पको रेझिस्टर (तापमानाबरोबर ठरावीक प्रमाणात बदलणारा) मागवायच्या विचारात आहे. तो घ्यावा, की सरळ तयार व्हीसीओ आयसी घ्यावा? मला हा सर्किट समजून घ्यायचाय, त्यामुळे तयार आयसी घेताना जीवावर येतं.

जुना ऑसिलेटर:

टेम्पको अजून मागवू नका. तुमचे आकडे बघून सांगतो, दोष तो रेझिस्टर ज्या जागी बसतो तिथे नाही. आणि इतकं नीट मोजून विचारलंत याबद्दल मनापासून आभार. "आवाज बेसूर येतो" एवढ्यावर कोणाला काही सांगता येत नाही.

तुमच्या सर्किटमध्ये उष्णतेच्या दोन वेगवेगळ्या भानगडी आहेत, आणि त्या वेगळ्या ओळखणं हेच यातलं निम्मं काम.

पहिली मोठी. ट्रान्झिस्टरच्या बेस-एमिटरमध्ये साधारण १८ मिलिव्होल्ट वाढले की कलेक्टर करंट दुप्पट होतो, म्हणजे सूर एक सप्तक चढतो. तुमचा १०० के आणि १.८ के चा डिव्हायडर एका व्होल्टचे जवळपास १७.७ मिलिव्होल्ट करतो तो याचसाठी. पण तेवढाच करंट चालू ठेवायला लागणारं व्होल्टेज तापमानाच्या दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टनी कमी होतं. १८ ला १२ अर्धस्वर, तर २ ला किती? सव्वाच्या वर. एक अंश सेल्सिअस, सव्वा अर्धस्वर! हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कागदावर तीनदा गणित करून पाहिलं होतं.

तो बीसी५५७ तिथे याचसाठी आहे. तापला की त्याचंही व्होल्टेज तेवढंच घसरतं, पण उलट दिशेने, आणि दोघांचं एकमेकांत वजा होतं. अट एकच, दोघांचं तापमान एकच हवं. तुमचा सूर अडीच अर्धस्वर चढतोय, म्हणजे दोघांत जेमतेम दोन अंशांचा फरक पडतोय. बोटाला तो कळणारही नाही.

दुसरी भानगड लहान. ते १८ मिलिव्होल्टच मुळात तापमानाच्या प्रमाणात वाढतात, दर अंशाला ०.३३ टक्के. तीन सप्तकांच्या अंतरावर एका अंशाला १२ सेंट (अर्धस्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट), म्हणजे अर्धस्वराचा आठवा हिस्सा. टेम्पको रेझिस्टर हे सुधारतो, ३३०० पीपीएमचा, म्हणजे ०.३३ टक्क्यांचा, असतो तो त्यामुळेच. त्याने तुमचे अडीच अर्धस्वर जाणार नाहीत.

एक चाचणी करा. सिंथ चालू ठेवून बीसी५४७ च्या अंगावर बोट टेकवा. पायांना लावू नका, नाहीतर घरातल्या विजेची गुणगुण आत शिरेल. सूर चढला पाहिजे. मग बोट काढून, निवू देऊन, बीसी५५७ वर टेकवा. सूर उतरला पाहिजे. तसं झालं तर रोग हाच.

आणि मला एक सांगा, ७८१२ कुठे बसवलाय? बारा व्होल्ट एसी अडॅप्टर कमी भारावर असला की रेक्टिफायरनंतर १८ व्होल्टपर्यंत सहज जातो. सर्किट ६० मिलिअँपिअर घेत असेल तर सहा व्होल्ट गुणिले ०.०६, म्हणजे ०.३६ वॅट त्या रेग्युलेटरमध्ये नुसते जळतायत. हीट सिंक नसेल तर एका वॅटला पन्नास-साठ अंश धरा. म्हणजे आजूबाजूच्या हवेपेक्षा तो वीसेक अंशांनी गरम आहे. माझ्या पहिल्या व्हीसीओत मी तीन आठवडे कपॅसिटर बदलत होतो आणि रेग्युलेटर शेजारीच तापत होता.

खर्जवाली:

बोट लावून पाहिलं. ५४७ वर सूर चढला, ५५७ वर उतरला, तुम्ही म्हणालात तस्सं. अंगावर काटा आला. नुसत्या बोटाच्या उबेने!

७८१२ त्याच ब्रेडबोर्डवर आहे, ५४७ पासून दोन सेंटिमीटरवर. ५५७ टीएल०७२ च्या पलीकडे, चार-पाच सेंटिमीटर लांब. रेक्टिफायरनंतर १७.८ व्होल्ट मिळाले.

जुना ऑसिलेटर:

मग सापडलं. दोन्ही रेग्युलेटर वेगळ्या बोर्डवर न्या, त्यांना छोटे हीट सिंक लावा आणि तारांनी सप्लाय आणा. दोन्ही ट्रान्झिस्टरच्या चपट्या बाजू समोरासमोर आणा, मध्ये थर्मल पेस्टचा पातळ थर द्या आणि वरून श्रिंक ट्यूब (तापवली की आवळणारी नळी) चढवा. एक सांभाळा: तोंडाला तोंड लावलं की एकाच्या पायांची रांग उलटी होते. कलेक्टर कुठला आणि एमिटर कुठला, ते चिकटवण्याआधी कागदावर काढून ठेवा.

मग त्या जोडीवर एखादं प्लास्टिकचं झाकण पालथं घाला. फॅन लावू नका. वाऱ्याची झुळूक एकाला लागते, दुसऱ्याला लागत नाही, आणि सूर थरथरतो.

तयार आयसीबद्दल. सीईएम३३४० या व्हीसीओ आयसीमध्ये हीच सगळी कसरत एकाच सिलिकॉनच्या तुकड्यावर केलेली आहे. प्रॉफेट-५ या सिंथच्या पहिल्या दोन आवृत्त्यांत दुसऱ्या चिप होत्या आणि त्या सुरात ठेवणं अवघड जायचं. १९८० च्या तिसऱ्या आवृत्तीत सीईएम३३४० आली. तेव्हा हा त्रास पट्टीच्या इंजिनिअरांनीही काढलाय. पुढे चार आवाजांचा सिंथ करायचा झाला तर तो आयसी जरूर घ्या. एका आवाजासाठी तुमची ही जोडी पुरे आहे, आणि तुम्हाला समजून घ्यायचंय म्हणताय तर हीच ठेवा.

शून्य व्होल्ट:

तापमानाचं वर आलंच आहे. मला दुसरंच विचारायचंय. सीडी४०१०६ चे उरलेले पाच इन्व्हर्टर कुठे आहेत? त्यांची इनपुटं अधांतरी सोडली असतील तर आत्ताच ग्राउंडला जोडा. सीमॉसचं (या आयसीच्या जातीचं) मोकळं इनपुट अँटेनासारखं वागतं, आतला इन्व्हर्टर मध्येच वेडावाकडा स्विच होतो आणि ती खरखर सप्लायवर येते. आउटपुटं मोकळी राहिली तरी चालतात.

शिवाय प्रत्येक आयसीच्या सप्लाय पिनला चिकटून १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक हवा. टीएल०७२ ला दोन, प्लसला एक आणि मायनसला एक. बोर्डच्या टोकाला एकच लावून भागत नाही. तुमच्या सहा ऑसिलेटरच्या डब्यातही हेच करून बघा. जवळजवळ सुरात असलेले दोन ऑसिलेटर सप्लायमधून एकमेकांना ओढून चिकटतात, तो चिकटपणा बराच कमी होईल.

बिट आणि बाइट:

माझं मत थोडं वेगळं आहे. खर्ज धरून ठेवायचाय तर ऑसिलेटर मायक्रोकंट्रोलरमधून काढा. साध्या क्रिस्टलची चूक ५० पीपीएम धरली तरी ती एका सेंटच्या दहाव्या हिस्स्याहून कमी भरते. रोलंडने १९८२ च्या जुनो-६० या सिंथमध्ये हाच मार्ग घेतला: ऑसिलेटरची वेळ डिजिटल घड्याळाने बांधलेली, फिल्टर मात्र अॅनालॉग. आवाजाचा गोडवा बराचसा फिल्टरमधूनच येतो. मी स्वतः असाच सिंथ वापरतो आणि गेल्या दोन वर्षांत ट्यूनिंगला हात लावलेला नाही.

जुना ऑसिलेटर:

याच्याशी माझं भांडण नाही, पक्का मार्ग आहे. पण त्यांचा व्हीसीओ एका श्रिंक ट्यूबच्या अंतरावर आहे. तो इथवर आणून सोडून देणं मला पटत नाही.

खर्जवाली:

चार दिवसांनी लिहितेय. सगळं केलं.

रेग्युलेटर वेगळ्या बोर्डवर गेले. ट्रान्झिस्टरची जोडी बांधली. पायांची रांग कागदावर काढूनही पहिल्यांदा एक तार चुकलीच, पण काही जळलं नाही. वर एका जुन्या डबीचं झाकण ठेवलं. पाच इनपुटं खरंच मोकळी होती, ती ग्राउंड केल्यावर मागची बारीक खरखर गेली. ती ब्रेडबोर्डमुळेच येते असं मी धरून चालले होते.

आकडे: चालू करताना २२०.०, पंधरा मिनिटांनी २२१.१, तासाभराने २२१.४. अडीच अर्धस्वरांवरून अकरा सेंटवर. मी बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसले.

एक शंका उरली. स्केलचा (एका व्होल्टला किती सप्तक ते ठरवणारा) ट्रिमपॉट फिरवून ११० आणि २२० अचूक जुळवले, तरी वर गेल्यावर सूर कमी पडतो. १७६० यायला हवे तिथे १७४८ येतात. हेही उष्णतेचंच का?

जुना ऑसिलेटर:

अकरा सेंट, झकास!

वरचं उष्णतेमुळे नाही. कपॅसिटर परत भरायला दर फेरीत ठरावीक वेळ लागतो, तुमच्या सर्किटमध्ये तो ४ मायक्रोसेकंदांच्या आसपास असावा. ११० हर्ट्झला एक फेरी ९०९१ मायक्रोसेकंदांची, त्यात ४ जास्त झाले तर एक सेंटही पडत नाही. १७६० ला फेरी ५६८ ची, तिथे तेच ४ बारा सेंट खातात. तुमचे १७४८ म्हणजे बरोबर बारा सेंट कमी.

२.२ च्या जागी १ नॅनोफॅरड लावा, पॉलिप्रोपिलीन किंवा सी०जी जातीचा सिरॅमिक. भरायची वेळ निम्म्याहून कमी होईल. सूर एका सप्तकाहून थोडा जास्त वर जाईल, तो ट्यूनिंगच्या पॉटने खाली आणा. याहून लहान कपॅसिटर ब्रेडबोर्डवर लावू नका. तिथे पट्ट्यांची स्वतःची कपॅसिटन्स काही पिकोफॅरड असते, आणि हात जवळ नेला तरी सूर हलायला लागतो.

खर्जवाली:

१ नॅनोफॅरड लावला. १७६० च्या जागी १७५४. खर्जासाठी मला तिथवर जायचंही नाही, त्यामुळे आता सोल्डर करायला घेते.

काल संध्याकाळी लेकीबरोबर पहिल्यांदा वाजवून पाहिलं. बासरीही फुंकरीने गरम झाली की थोडी चढते, हे तिनेच मला सांगितलं. म्हणून आम्ही असं ठरवलं की मी सिंथ चालू करायचा, तिने पंधरा मिनिटं नुसते लांब सूर धरायचे, आणि मग मी पॉट फिरवून तिच्या सुराला येऊन मिळायचं. काल मिळाले. तिने डोळे मिटून तो एकच सूर इतका वेळ धरला की शेवटी मलाच पॉटवरचा हात काढवेना.