हॅलोबॅक्टेरियममध्ये ई. कोलायपेक्षा जास्त डिसऑर्डर? प्रोजेक्ट अडकलाय

बायोइन्फो_सोलापूर

नमस्कार मंडळी. एमएस्सीचं दुसरं वर्ष, सोलापूर. प्रोजेक्टचा विषय असा: प्रोटीनमधल्या ज्या भागांना ठरलेली घडी नसते, म्हणजे डिसऑर्डर्ड रीजन, ते कोणत्या सजीवात किती? युनिप्रॉट या प्रोटीनांच्या ऑनलाइन साठ्यावरून चार प्रोटिओम (एका सजीवाची सगळी प्रोटीनं) उतरवले: ई. कोलाय, यीस्ट, ज्वारी आणि मिठात राहणारं आर्किया (केंद्रक नसलेले, बॅक्टेरियाहून वेगळे एकपेशीय जीव) हॅलोबॅक्टेरियम सॅलिनारम. (एका मैत्रिणीनं भात सुचवला होता. सोलापुरात राहून ज्वारी सोडली असती तर घरी कुणी जेवायला वाढलं नसतं.) आययूप्रेड हे डिसऑर्डरचा अंदाज बांधणारं सॉफ्टवेअर लाँग मोडमध्ये (लांब डिसऑर्डर्ड भागांसाठी) चालवलं, ०.५ च्या वर स्कोअर गेलेली अमिनो आम्लं मोजली, टक्के काढले. उन्हानं लॅपटॉप इतका तापायचा की ज्वारीचा रन रात्री गच्चीवर बसून पुरा केला.

यीस्ट आणि ज्वारी ई. कोलायच्या वर आले, ते ठीक. पण हॅलोबॅक्टेरियमही बराच वर जाऊन बसलाय. शिवाय ज्वारी यीस्टला मागे टाकेल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही. आमचे सर म्हणतात, "जीव जितका प्रगत तितकी डिसऑर्डर जास्त. आलेख चढत गेला पाहिजे. ते हॅलोबॅक्टेरियम काढून टाक." काढू का?

जुना_प्रोटीनवाला

काढतोस कशाला बे! तुझ्या आलेखात बोलण्यासारखा तोच एक ठिपका आहे.

आययूप्रेडला फक्त अमिनो आम्लांची ओळ दिसते. या ओळीतली आम्लं एकमेकांना धरून घडी टिकवतील का, याचा तो ऊर्जेच्या हिशेबानं अंदाज बांधतो. भोवतीचं पाणी कसलं आहे हे त्याला कोण सांगणार? हॅलोबॅक्टेरियम जवळपास संपृक्त मिठात राहतो आणि बाहेरच्या मिठाशी तोल राखायला पेशीत पोटॅशियम क्लोराइड भरून घेतो, तेही मोलरच्या घरात. एवढ्या क्षारात साधं प्रोटीन गोळा होऊन खाली बसेल. म्हणून त्याच्या प्रोटीनांच्या पृष्ठभागावर अॅस्पार्टेट आणि ग्लुटामेट ही ऋणभाराची आम्लं खच्चून असतात, आणि पाण्यापासून लांब पळणारी मोठी आम्लं कमी. नेमकी हीच ठेवण बघून आययूप्रेड म्हणतो, घडी नाही. खरं तर त्या मिठात ती प्रोटीनं व्यवस्थित घडी घालून कामाला लागलेली असतात. मीठ काढून घेतलं तर उलट बरीचशी उलगडतात.

पडताळा सोपा आहे. हॅलोबॅक्टेरियमची जी एन्झाइम डिसऑर्डर्ड ठरलीत त्यातली थोडी अल्फाफोल्डच्या (प्रोटीनच्या घडीचा अंदाज बांधणारा एआय) साठ्यात उघडून बघ. विश्वासाचा आकडा ५० च्या खाली असलेला भाग तिथे नारिंगी दिसतो, ९० च्या वरचा गडद निळा. सगळं एन्झाइम निळं निघालं तर आययूप्रेड फसलाय. बाहेर नारिंगी दोऱ्या लोंबत असतील तर तेवढा भाग खरोखर सैल असण्याची शक्यता मोठी.

दुसरं म्हणजे तू मोजतोस काय, ते ठरव. २००४ साली डिसोप्रेड-२ हे तसंच दुसरं सॉफ्टवेअर वापरून केलेली मोजणी सगळे सांगतात: ३० आम्लांपेक्षा लांब सलग डिसऑर्डर असलेली प्रोटीनं आर्कियात २ टक्के, बॅक्टेरियात ४.२ टक्के, युकॅरिओटमध्ये (केंद्रक असलेल्या जिवांत) ३३ टक्के. तू मोजलीस ती सुटी आम्लं. दोन्ही आकडे शेजारी ठेव, चित्र बदलेल.

सरांच्या पायऱ्यांबद्दल: पायरी आहे, पण एकच. केंद्रक नसलेले खाली, केंद्रक असलेले वर. वर गेल्यावर जिना संपतो. प्लाझ्मोडियम फाल्सिपेरम, मलेरियाचा एकपेशीय परजीवी, त्याच्या जीनोममध्ये डीएनएच्या चार अक्षरांपैकी ए आणि टी मिळून सुमारे ८० टक्के. त्यामुळे प्रोटीनांत अॅस्पराजिनच्या लांबलचक माळा, आणि डिसऑर्डरचा अंदाज भरपूर. टोक्सोप्लाझ्मा या दुसऱ्या एकपेशीय परजीवीतही डिसऑर्डरचा अंदाज भरपूर. हे दोघे आलेखात घाल आणि सरांना विचार, प्रगत कोण?

मंगळवेढेकर

वरचं सगळं पटतंय. मी बियाण्यांच्या लॅबमध्ये काम करते, म्हणून ज्वारीबद्दल दोन शब्द.

टक्क्यांच्या मागे लागून ज्वारीतली खरी गंमत सोडू नकोस. डिहायड्रिन शोध. दाणा वाळताना किंवा रोपाला ताण बसल्यावर ही प्रोटीनं तयार होतात आणि पाण्यात त्यांना पक्की घडी जवळजवळ नसतेच. त्यांची ओळख म्हणजे के-सेगमेंट, लायसिन भरपूर असलेली १५ आम्लांची ओळ. ती पेशीपटलाला टेकली की तेवढी गुंडाळी घेते, बाकीची दोरी सैलच. या मोठ्या कुटुंबाला एलईए म्हणतात. १९८१ मध्ये ती पहिल्यांदा कपाशीच्या बियांत सापडली.

हे डोळ्यांनी बघता येतं. दाणा थंड बफरमध्ये वाटायचा, गाळायचा, नळी उकळत्या पाण्यात दहा मिनिटं धरायची. अंड्याचा पांढरा भाग उकळल्यावर गोठतो तशी घडीची प्रोटीनं गोठून पांढरा साका होतो. सेंट्रिफ्यूज केलं की साका तळाला, आणि वरच्या नितळ पाण्यात डिहायड्रिन तसंच. ज्याची घडीच नाही त्याची मोडणार काय? जेलवर चालवलं तर खऱ्या वजनापेक्षा जड दिसतं, तेव्हा पट्टी चुकीच्या जागी आली म्हणून घाबरू नको.

फक्त एक वाक्य कृपा करून लिहू नकोस: "मालदांडी डिहायड्रिनमुळे दुष्काळ सोसते." मोहोळला निवडलेली एम ३५-१, म्हणजे हीच मालदांडी ज्वारी, काळ्या जमिनीत साठलेल्या ओलीवर येते. त्यात मुळं, पानं, पेरणीची वेळ, सगळ्यांचा हात आहे.

बायोइन्फो_सोलापूर

मॅडम, उकळायचं नक्की करणार, डिपार्टमेंटला वॉटर बाथ आहे. दादा, मग ई. कोलायमध्ये जी थोडी डिसऑर्डर आहे ती नुसती कचरा धरायची का?

जुना_प्रोटीनवाला

कचरा कुठला! ई. कोलायचं आरएनेज ई घे. १०६१ आम्लं. आरएनए कापणारा पहिला अर्धा भाग घडीचा, मागचा अर्धा जवळजवळ सगळा सैल. पण त्याच सैल भागावर आरएनए फोडणारी बाकीची मंडळी येऊन बसतात. किंवा साल्मोनेलाचं एफएलजीएम: एकटं असताना घडी नाही, सिग्मा-२८ या जीन चालू करणाऱ्या प्रोटीनला बिलगलं की काही भाग आकार घेतो, आणि पोहण्याच्या शेपटीचा पाया तयार झाला की त्याच शेपटीच्या अरुंद पोकळीतून बाहेर टाकलं जातं. बॅक्टेरियात प्रमाण कमी असलं तरी कामं नेमकी आहेत. युकॅरिओटमध्ये जीन चालू-बंद करणं, निरोप पोचवणं, केंद्रकाच्या दारावरची ये-जा अशा कामांचा पसाराच मोठा, म्हणून तिथं प्रमाण वाढतं.

आणि हो, ज्वारीची फाइल परत उतरव. युनिप्रॉटवर प्रत्येक जीनला एकच प्रोटीन अशी वेगळी फाइल मिळते. तू सगळी घेतली असशील तर एकाच जीनची चार-चार रूपं मोजली गेली असतील. आधी ते कर, मग यीस्टशी तुलना. प्लाझ्मोडियमचा रन लावशील तेव्हा लॅपटॉपखाली काहीतरी ठेव, नाहीतर एमएस्सीच्या आधी तोच डिसऑर्डर्ड व्हायचा.