कार्यशाळा, शिबिर की तालीम?

प्रश्नकर्ती
एका छोट्या त्रैमासिकासाठी अनुवाद करते आहे. विषय आहे अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातलं नॅशव्हिल शहर, साल १९५९. तिथल्या दुकानांतल्या खाण्याच्या काउंटरवर कृष्णवर्णीयांना बसू देत नसत, त्याविरुद्धच्या आंदोलनाची तयारी म्हणून जेम्स लॉसन नावाचे कृष्णवर्णीय पाद्री दर आठवड्याला एका चर्चच्या तळघरात कॉलेजच्या मुलामुलींना जमवत. काही जण गिऱ्हाईक होऊन खुर्च्यांवर बसायचे, बाकीचे गोरे गुंड व्हायचे. शिव्या द्यायच्या, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायचा, खुर्चीवरून खाली ओढायचं. बसलेल्याने हात उचलायचा नाही, पळायचंही नाही. मार पडला तर डोकं कसं झाकायचं, शेजारच्याला मारत असतील तर मध्ये कसं पडायचं, हे सगळं करून बघायचं. मूळ लेखात शब्द आहे 'वर्कशॉप'. 'कार्यशाळा' लिहिलं की सगळी जानच जाते. दुसरं काय सुचवाल?

मुंबई-४
'कार्यशाळा' नकोच. उपस्थितीच्या वहीत सही, फोल्डर, चहा-बिस्किटं आणि शेवटी प्रमाणपत्र, एवढंच डोळ्यांसमोर येतं. सरळ 'प्रशिक्षण शिबिर' लिहा. राष्ट्र सेवा दलापासून सगळ्या चळवळींत 'शिबिर' रुळलेला आहे.

विदर्भवासी
ताई, लॉसन यांचं नागपूरशी नातं आहे हे लेखात असेलच, नसेल तर टीप द्या. कोरियन युद्धाच्या वेळी सक्तीची सैन्यभरती नाकारून तुरुंगवास भोगलेला हा माणूस १९५३ मध्ये मिशनरी म्हणून नागपूरला आला आणि हिस्लॉप कॉलेजात राहिला. गांधींच्या पद्धतीचा अभ्यास त्याने इथे केला. परत गेल्यावर १९५७ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्याशी गाठ पडली. वाट कशाला बघता, दक्षिणेत आत्ताच या, असा किंग यांचा आग्रह होता. मग नॅशव्हिल.
शब्दाचं म्हणाल तर 'तालीम' का नको? सेवाग्राम नागपूरपासून काही लांब नाही, आणि गांधींची 'नई तालीम' ही शिक्षणपद्धत १९३७ पासूनची.

मुंबई-४
'नई तालीम'मधली तालीम हिंदुस्तानी, अर्थ शिक्षण. मराठी वाचकाला तालीम म्हटलं की लाल माती आणि लंगोट दिसतो. अहिंसेच्या लेखात पैलवान कशाला?

प्रायोगिकवाला
पैलवान असू द्या की. मराठीत 'तालीम'चे दोन अर्थ जिवंत आहेत, कुस्तीची आणि नाटकाची. त्या तळघरात दोन्ही चालू होतं. मार खाण्याची शरीराला सवय लावणं हे एक, आणि भूमिका वठवणं हे दुसरं. शिव्या देणाऱ्याची भूमिका करणाऱ्यालाही समोरच्याचा द्वेष कसा चढत जातो ते कळतं. नाटक केलेल्या कुणालाही विचारा.
'शिबिर' मात्र इथे चुकीचं वाटतं. शिबिर म्हणजे चार दिवस मुक्काम, पहाटेची प्रार्थना, श्रमदान, रात्री गाणी. ही मुलं आठवड्यातून एकदा यायची आणि घरी जायची.
आणि १९५९ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात ती शहरातल्या मोठ्या दुकानांत प्रत्यक्ष गेली. खरेदी केली, खाण्याच्या काउंटरवर बसली, नकार मिळाल्यावर का म्हणून विचारलं आणि उठून आली. खरा प्रयोग १३ फेब्रुवारी १९६० ला. मधल्या त्या फेऱ्यांना 'रंगीत तालीम' इतका चपखल शब्द दुसऱ्या कुठल्या भाषेत असेल असं मला वाटत नाही. (हा माझा नाटकवाल्याचा पक्षपात.)

प्रश्नकर्ती
'तालीम' पटलं. आता पुढची अडचण. काउंटरवर बसण्याला काय म्हणू? 'धरणे' की 'ठिय्या'?

जुना कार्यकर्ता
दोन्ही नको. धरणं धरायचं ते दुसऱ्याच्या दारात, त्याने काहीतरी द्यावं म्हणून. जुन्या काळी सावकार ऋणकोच्या दारात उपाशी बसायचा आणि देवाच्या कोपाची भीती घालायचा. १८६० च्या भारतीय दंडविधानात कलम ५०८ खाली याचंच उदाहरण होतं. 'ठिय्या'त मागणी मान्य झाल्याशिवाय हलणार नाही हा भाव. नॅशव्हिलची मुलं काउंटरवर बसून खायला मागत होती, म्हणजे जो हक्क नाकारला होता तो थेट वापरत होती. आपल्याकडे याची जात महाडची आहे. २० मार्च १९२७ ला लोकांनी चवदार तळ्यावर जाऊन पाणी द्या अशी मागणी केली नाही, पाणी प्यायले. तेव्हा 'काउंटरवरचा सत्याग्रह' लिहा. लांब होतो, होऊ दे.

मुंबई-४
हे मान्य. आणि 'ग्रासरूट्स'ला कृपा करून 'तळागाळातले' लिहू नका. ज्यांच्याबद्दल आदराने बोलायचं त्यांनाच गाळ म्हणायचं!

विदर्भवासी
शब्द इतका घासलाय की गाळ कुणाला दिसत नाही, पण तुमचं बरोबर आहे. 'वस्तीपातळीवर', 'गावपातळीवर' चालतं. तिथलेच लोक म्हणायचं असेल तर नुसतं 'गावानेच' म्हणावं. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाची घोषणा होती 'आमच्या गावात आम्हीच सरकार'. तिथे बाहेरून येऊन कुणी प्रशिक्षण दिलं असं म्हणत नाहीत, शब्द आहे 'अभ्यासगट'. अभ्यासगटात नुसती चर्चा व्हायची, येईल त्याने यावं. निर्णय ग्रामसभेत, तोही बहुमताने नाही, सर्वसहमतीने. २००९ मध्ये त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, त्याच्या मागे कित्येक वर्षांचं हे बसणं-बोलणं आहे.

जुना कार्यकर्ता
म्हणजे ताईंच्या लेखात दोन वेगळ्या गोष्टी असतील तर दोन वेगळे शब्द ठेवा. कायदा काय, जमिनीचा उतारा कसा वाचायचा, हे समजून घेणं म्हणजे अभ्यासगट. पोलीस दंडुका उगारेल तेव्हा पाय जागेवर कसे ठेवायचे, ती तालीम. शहाद्याकडे सत्तरच्या दशकात आदिवासी शेतमजुरांच्या श्रमिक संघटनेची जी शिबिरं व्हायची त्यांत दोन्ही मिसळलेलं असायचं, पण म्हणून शब्दही मिसळायला हवेत असं नाही.
'नॉनव्हायलंट'साठी 'अहिंसक' पुरेसं आहे. वीसच्या दशकातली मराठी वर्तमानपत्रं 'अनत्याचारी' लिहायची. मला तो आवडतो, पण आज 'अत्याचार'चा अर्थ इतका बदललाय की वाचक भलतीकडे जाईल.

प्रश्नकर्ती
आभार सगळ्यांचे. वाक्य असं केलं आहे : 'लॉसन यांनी तळघरात विद्यार्थ्यांची तालीम घेतली.' ठीक?

प्रायोगिकवाला
'तालीम घेतली' म्हणजे एका संध्याकाळचं काम वाटतं. शिवाय 'विद्यार्थ्यांकडून' की 'विद्यार्थ्यांची' असा घोळ नको. नाटकात म्हणतो तसं रीतिभूतकाळात अनेकवचन करा : 'लॉसन तळघरात तालमी घेत.' विद्यार्थ्यांचा उल्लेख पुढच्या वाक्यात आपोआप येतोच आहे.