लसणाच्या अर्काने जांभळा रंग गेला: संवाद तुटला की जिवाणू मेले?

आगरप्लेट: क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलेसियम या जिवाणूच्या सीव्ही०२६ या वाणावर (हा स्वतः संकेत बनवत नाही, बाहेरून मिळाला तरच जांभळा होतो) लसणाच्या पाण्यातल्या अर्काची चाचणी चालू आहे. मऊ आगरमध्ये सी६-एचएसएल हा संकेत-रेणू मिसळलाय, ६ मिमीच्या खळग्यात अर्क, ३०° से., २४ तास. भोवती रंगहीन वर्तुळ येतं. याला क्वोरम सेन्सिंगचा, म्हणजे संकेत-रेणूंतून चालणाऱ्या जिवाणूंच्या संवादाचा, प्रतिबंध म्हणता येईल का? गाईडना एवढा पुरावा पुरेसा वाटत नाही.

व्हायोलासिन: गाईडचं बरोबर आहे. प्लेट उजेडासमोर धरून बघा. वर्तुळ आरपार दिसत असेल तर तिथे वाढच झालेली नाही, मग रंग कुठून येणार? दुधी, गढूळ असेल तर वाढ आहे पण रंगद्रव्य नाही, आणि तीच कामाची खूण. पुष्कळदा आत पारदर्शक आणि बाहेर दुधी कडा असते. तेव्हा दोन्ही व्यास वेगवेगळे लिहून ठेवा.

लसणात हा घोळ हमखास होतो. ठेचल्यावर बनणारं अ‍ॅलिसिन प्रथिनांतल्या थायॉल गटांशी जोडलं जातं आणि जिवाणू मारतं. ताज्या पाण्यातल्या अर्कात जोर त्याचाच. संवादात अडथळा आणणारं अ‍ॅजोईन ठेचलेला लसूण तेलात मुरवला की चांगलं तयार होतं. आधी एमआयसी (वाढ थांबवणारी किमान मात्रा) काढा, मग तिच्या १/४ आणि १/८ मात्रेवर चाचणी द्रव माध्यमात करा.

पेलेट: द्रव माध्यमात मोजताना: १ मिली कल्चर १३,००० आरपीएमवर १० मिनिटं फिरवा. व्हायोलासिन हे जांभळं रंगद्रव्य पाण्यात विरघळत नाही, पेशींबरोबर तळाशी बसतं. वरचं पाणी ओतून द्या, १ मिली डीएमएसओ हा द्रावक घालून साका पांढरा पडेपर्यंत व्होर्टेक्स करा, पुन्हा फिरवा, आणि वरचा द्रव ५८५ नॅनोमीटरला वाचा. वाढ मात्र ६०० ला मोजू नका. जांभळा रंग तिथेही प्रकाश शोषतो, त्यामुळे रंगीत कंट्रोलची वाढ उगाच जास्त दिसते. ७२० ला वाचा किंवा सरळ वसाहती मोजा.

आगरप्लेट: सी६-एचएसएल किती घालावं?

पेलेट: १ मिग्रॅ ५ मिली डीएमएसओत विरघळवलं की साधारण १ मिलीमोलर स्टॉक होतो. त्यातलं ५ मायक्रोलिटर ५ मिली माध्यमात म्हणजे १ मायक्रोमोलर. कंट्रोललाही तेवढंच डीएमएसओ हवं. मग हाच प्रयोग ०.२५, १ आणि ५ मायक्रोमोलरवर करा. संकेत वाढवल्यावर रंग परत आला तर अर्क सीव्हीआयआर ग्राहकावर (संकेत ओळखणाऱ्या प्रथिनावर) संकेताशी स्पर्धा करत असण्याची शक्यता बळावते. परत आला नाही म्हणून प्रतिबंध नाहीच, असंही समजू नका: स्यूडोमोनास या दुसऱ्या जिवाणूमध्ये अ‍ॅजोईन ग्राहकावर बसत नाही, नियंत्रक छोटे आरएनए कमी करतं.

लॅक्टोन: पीएच कुणी बघितला का? एलबी माध्यमात जिवाणू अमिनो आम्लं खातात, अमोनिया सुटतो आणि पीएच ८ च्या वर जातो. तिथे सी६-एचएसएलच्या रेणूतलं लॅक्टोन वलय उघडतं आणि ग्राहक त्याला ओळखत नाही. संकेत अर्काने नव्हे, अल्कलीने संपवलेला असतो. ५० मिलीमोलर मॉप्स बफर घालून पीएच ७ वर ठेवा.

दुसरं, अर्क ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळलाय का? लसणावर मातीतले बॅसिलस असतात आणि त्यांच्यातले बरेच एआयआयए प्रकारचं लॅक्टोनेज बनवतात. हे विकर संकेताचं वलयच उघडतं. अर्क आणि सी६-एचएसएल एकत्र ठेवून नंतर पीएच २ ला आणा, रात्रभर ठेवा, इथिल अ‍ॅसिटेटने काढून पुन्हा तपासा. रंग परत आला तर वलय उघडलं होतं, लॅक्टोनेजने किंवा अल्कलीने. एसायलेज या विकराने साखळी तोडलेला रेणू असा जुळत नाही.

व्हायोलासिन: आणि शीर्षकात 'स्यूडोमोनासविरोधी' लिहू नका. सीव्ही०२६ चार ते आठ कार्बनच्या संकेतांना प्रतिसाद देतो. स्यूडोमोनासचा लासआर हा ग्राहक १२ कार्बनचा ओळखतो. त्यासाठी पीएओ१ हा स्यूडोमोनासचा वाण घेऊन त्याचं इलास्टेज (विकर) आणि पायोसायनिन (रंगद्रव्य) वेगळं मोजावं लागेल.