३२ पानी कृष्णधवल कॉमिक छापायचंय: आकार, अक्षरं आणि प्रतींचं गणित सांगा

बारवकट्टा (परभणी)

नमस्कार मंडळी. पटकथा तयार आहे. आतली ३२ पानं काळी-पांढरी, कव्हर वेगळं आणि चार रंगी. गोष्ट एका बारवेत घडते, वालूरच्या बारवेसारख्या चक्राकार पायऱ्यांच्या. चित्रं सेलूचा मित्र काढणार, कागदावर शाईनं, मग स्कॅन. अजून एकही पान पक्कं केलेलं नाही, म्हणून आत्ताच विचारून घेतो. आकार कोणता घ्यावा? क्राउन १/४ मोठं दिसतं म्हणून मनात आहे. अक्षरं हातानं लिहावीत की फॉन्ट वापरावा? छपाई डिजिटल की ऑफसेट (प्लेट करून), आणि पहिल्या खेपेला किती प्रती? किंमत आणि आयएसबीएनचंही (पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचं) सांगा. १७ सप्टेंबरच्या आसपास, दिवाळी अंकांच्या गर्दीआधी बाहेर काढायचंय.

सेंटरपिन (छत्रपती संभाजीनगर)

क्राउन १/४ सोडून द्या दादा. दिसायला ऐसपैस, पण थोड्या प्रतींत महाग पडतं. डिजिटल मशीनचा कागद १३ × १९ इंची असतो. क्राउनचं जोडपान उघडलं की साडेचौदा इंच रुंद, त्यामुळे एका कागदावर दोन्ही बाजू धरून ४च पानं बसतात, म्हणजे ३२ पानांना ८ कागद. डेमी १/८ ची दोन जोडपानं एकाखाली एक बसतात, ८ पानं निघतात, ४ कागदांत काम होतं. दर कागदामागे लागतो, तेव्हा आतल्या पानांचा खर्च जवळपास निम्म्यावर येतो.

मग ए५ का नको? पुढे हेच पुस्तक ऑफसेटला गेलं तर २३ × ३६ च्या कागदातून १६ तुकडे निघतात, प्रत्येकी ५.७५ × ९ इंच. रुंदी झाली १४६ मिमी, आणि ए५ ला लागतात १४८. कटिंगच्या आधीच २ मिमी कमी. मग प्रेसवाला न विचारता पान लहान करतो आणि संवादाच्या फुग्यातली अक्षरंही त्याबरोबर बारीक होतात. म्हणून डेमी १/८, कापून झाल्यावर १४० × २१६ मिमी, हेच माप धरा. दोन्हीकडे चालतं, शिवाय अख्खी ३२ पानं एका २३ × ३६ कागदात उरकतात.

मूळ चित्र दीडपट काढा. चारी बाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारी जादा कड) धरून १४६ × २२२, त्याचं दीडपट २१९ × ३३३ मिमी. ए३ कागदावर आरामात मावतं. दीडपट मूळ ४०० डीपीआयला (इंचाला ४०० ठिपके) स्कॅन केलं की छपाईच्या मापात ६०० पडतात, आणि रेषाचित्राला तेवढे हवेतच. ३०० वर पायऱ्यांच्या तिरक्या रेषांना दातरे पडतील. बारवेत तर त्याच रेषा सगळीकडे आहेत.

सेंटर पिनच्या (मधल्या घडीत पिन मारलेल्या) पुस्तकात आतली पानं बाहेर सरकतात. ९० जीएसएमची (चौरस मीटरला ९० ग्रॅम) ८ जोडपानं एकात एक घातली की मधलं पान जवळजवळ १ मिमी बाहेर येतं आणि कटिंगमध्ये तेवढं जातं. त्यामुळे पानाचा क्रमांक किंवा फुगा कडेपासून ८ मिमी आत ठेवा, शिवणीकडे १० ते १२. १६-१७ हे मधलं जोडपान एकसंध असतं. दोन पानांवर पसरलेलं मोठं चित्र तिथंच टाका. दुसरीकडे टाकलं तर दोन अर्धे जुळतीलच याचा भरवसा नाही. पहिलं पान काढण्याआधी ८ कोरे कागद दुमडून डमी करा आणि त्यावर पेन्सिलनं क्रमांक घाला. पान उलटल्यावर धक्का द्यायचा असेल तर तो सम क्रमांकाच्या पानावर यायला हवा.

काना_मात्रा (नांदेड)

अक्षरांचं मी सांगते, कारण मराठी कॉमिक चित्रांपेक्षा इथंच जास्त मार खातं.

हाताचं अक्षर सुंदर असेल तर प्रश्नच नाही, पण दुरुस्ती आली की पान पुन्हा स्कॅन. फॉन्ट घ्या आणि ‘धाड्’, ‘डुबुक’ असले आवाज मात्र मित्राकडून हातानं, वेगळ्या कागदावर काढून घ्या. कलम, मुक्ता, बालू हे युनिकोड फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत, विकायच्या पुस्तकातही चालतात. संवादाला कलम बरा, हस्ताक्षराचा बाज आहे.

अडोबीत काम करणार असाल तर इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोजर आणि फोटोशॉपमध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट निवडा. नाहीतर पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाते, रफार भलतीकडे बसतो, जोडाक्षरं सुटतात. इंकस्केप फुकट आहे आणि देवनागरी नीट मांडतं. कुठलंही सॉफ्टवेअर असो, आधी एक ओळ टाइप करून छापून बघा: ‘पायऱ्या, तर्फे, ट्रॅक्टर, ऑफिस, हृदय, शुद्ध, क्लृप्ती’. ‘ऱ्या’ तुटला तर पुढे जाऊ नका. मजकुराची भाषा मराठी अशी नेमून द्या. नाहीतर काही फॉन्टांत ल आणि श हिंदी वळणाचे येतात आणि परभणीच्या म्हातारीच्या तोंडी ते लगेच खटकतात.

छापील मापात ९ ते ९.५ पॉइंट, ओळींतलं अंतर अक्षराच्या दीडपटीच्या जवळ. इंग्रजी कॉमिकची मापं उचलू नका. आपल्याला वर मात्रा-रफार, खाली उकार. अंतर कमी केलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेत घुसतो. फुगे उभे नकोत, आडवे काढा. ‘बारवेपाशीसुद्धा’ हा एकच शब्द, तो मधे तोडता येत नाही, अरुंद फुग्यात ओळीला एकच शब्द उरतो. जोर द्यायला तिरपं अक्षर वापरू नका, शिरोरेषा मोडल्यासारखी दिसते. ठळक करा. एका फुग्यात १५-२० शब्द, पानावर ८०-९०. पान लहान आहे, ४-५ पॅनलांच्या (चौकटींच्या) वर गेलात की गर्दी होते.

शाई फिरवण्याआधी पेन्सिलच्या पानावर सगळे संवाद बसवून बघा. नंतर फुगा ठेवायला जागा उरत नाही आणि मग तो नेमका कुणाच्या तरी कपाळावर येतो.

बोलीचा तक्ताही करा: काहून की कामून, व्हतं की होतं. एका पात्राचं एकच ठेवा.

प्रेसला उघडी फाइल देऊ नका. तिथं अजूनही जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टांवर काम चालतं, मजकूर उघडताच ठोकळे दिसतात. अक्षरं आउटलाइन करून (म्हणजे फॉन्ट न लागणाऱ्या आकारांत बदलून) पीडीएफ द्या आणि मूळ फाइल स्वतःजवळ राखा. फुग्यातली अक्षरं स्कॅनच्या चित्रात मिसळू नका, वेगळ्या थरावर राहू द्या. रंगीत कव्हरवरची काळी अक्षरं फक्त काळ्या प्लेटवर, १०० टक्के. चार रंगांतून केलेला काळा जरा सरकला तरी अक्षराला झालर दिसते.

बारवकट्टा

ताई, ओळ छापून बघितली, ‘ऱ्या’ तुटतोय. इंकस्केप घेतो. सेंटरपिनदादा, बारवेच्या तळाला अंधार दाखवायचाय. करडी छटा द्यावी की सगळं काळं भरावं?

सेंटरपिन

छटा कमी, रेषा जास्त. मॅपलिथो, म्हणजे बिनचकाकीचा छपाईचा कागद, शाई पितो, ४० टक्के करडा छापून ५५-६० सारखा दिसतो. ७० च्या वरचा थेट काळाच होतो. द्यायचीच तर २० आणि ४० अशा दोनच छटा ठेवा, त्याही संगणकावर, शेवटच्या मापात. तयार ठिपक्यांची छटा चिकटवून मग पान लहान केलं की जाळी पडते.

भरगच्च काळं पान ऑफसेटवर फिकं किंवा डागाळ येतं, आणि ताजी शाई वरच्या कागदाच्या पाठीला लागते. तळाच्या काळ्यात पाण्याच्या चार पांढऱ्या रेघा सोडा, मशीनला दम मिळतो आणि अंधारही जास्त खोल वाटतो. कागद ९० जीएसएम मॅपलिथोच घ्या. ७० वर मागच्या पानाचा काळा पुढं दिसतो.

कव्हर २२० जीएसएम आर्ट, मॅट लॅमिनेशन, क्रीजिंगसकट (घडीची रेघ आधी दाबून). घडी कागदाच्या धाग्याच्या दिशेनं येईल असं सांगा, आडवी आली तर कण्यावर रंग फुटतो.

प्रती: ३०० च्या आत डिजिटल. त्यावर ऑफसेटचा भाव काढा. प्लेट आणि मशीन लावण्याचा खर्च ३०० ला तेवढाच, १००० ला तेवढाच.

हिशेबवही (लातूर)

सेंटरपिनचं छपाईपुरतं खरं आहे, पण ऑफसेटला दर प्रत स्वस्त दिसते म्हणून १००० छापून घरात गठ्ठे लावू नका. २०० डिजिटल, तेही आगाऊ नोंदणीचे पैसे आल्यावर.

समजा प्रत ४० रुपयांना पडली. १०० किंमत ठेवली आणि दुकानदारानं ४० टक्के घेतले, तर तुमच्या हाती ६०, त्यातून छपाई वजा केली की २०. वीस प्रती भेट दिल्या की ८०० गेले, म्हणजे ४० विकलेल्या प्रतींची कमाई. म्हणून छपाईखर्चाच्या निदान तिप्पट किंमत. १२० ठेवा, दुकानातून ३२ उरतात. स्वतः विकलेल्या प्रतीत ८० उरतात, तेव्हा क्यूआर कोड आणि टेबल हीच खरी दुकानं. छत्रपती संभाजीनगरला औरंगपुऱ्यातल्या दुकानांत ठेवायचं तर १०-१० प्रती, पावतीवर तारीख आणि परतीची अट लिहून. पावती नसलेल्या प्रती विकल्या की परत आल्या, हे सहा महिन्यांनी कुणालाच आठवत नसतं.

छापील पुस्तकाच्या विक्रीवर जीएसटी नाही, मात्र प्रेसच्या बिलावर असतो आणि तो परत मिळत नाही. भाव विचारताना करासकट विचारा.

टपाल: आतली १६ पत्रं (३२ पानं) आणि कव्हर मिळून प्रतीचं वजन ५७ ग्रॅमच्या आसपास. पुठ्ठा घातला तर १०० च्या घरात. रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालंय, तो खर्च किमतीत न धरता वेगळा घ्या.

आयएसबीएन सक्तीचा नाही, पण वाचनालयं आणि ऑनलाइन दुकानं विचारतात. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून तो फुकट मिळतो, लेखकाला स्वतःच्या नावानं अर्ज करता येतो. पैसे मागणाऱ्या दलालाच्या नादी लागू नका. १९५४ च्या कायद्यानं प्रकाशित झाल्यापासून ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला एक प्रत, शिवाय मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या नेमलेल्या ग्रंथालयांना एकेक द्यावी लागते. चार प्रती हिशेबात धरा.

आणि मित्राशी कागद करा. चित्रांचा हक्क सहसा चित्रकाराचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हस्तांतर लेखीच लागतं, मुदत लिहिली नाही तर ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. पानामागे मानधन की नफ्यात वाटा, मूळ चित्रं कुणाकडे राहणार, हिंदी आवृत्ती निघाली तर काय, एवढं एका पानात मावतं. सह्या पहिलं पान शाईत जाण्याआधी.

सेंटरपिन

२०० मान्य. तारखेचं तेवढं बघा. १७ सप्टेंबर गाठायची तर १० ऑगस्टला पीडीएफ हवी. आधी एक छापील नमुना प्रत मागवा, त्यातल्या चुका काढायला आठवडा जातो. पुढे गणपतीची कामं आणि दिवाळी अंक, मशीन रिकामं मिळत नाही. पावसाळ्यात मॅपलिथो ओल धरतो, ऑफसेटची शाई उशिरा सुकते. लॅमिनेशन झालेली कव्हरं एक रात्र वजनाखाली ठेवूनच पिन मारायला सांगा, नाहीतर ती वाकतात आणि पुस्तक बंद राहत नाही.