अजिंठ्याची चित्रं फ्रेस्को नव्हेत
अजिंठ्याच्या लेण्यांतल्या भिंतीवरच्या चित्रांचे रंग टिकाऊ, म्हणून त्यांना 'फ्रेस्को' म्हटलं जातं. रंग टिकाऊ होते हे मान्य, पण फ्रेस्कोत ओल्या चुन्यावर रंग लावतात आणि चुना वाळताना तो रंग आत धरून ठेवतो. अजिंठ्यात मुद्दाम खडबडीत ठेवलेल्या कातळावर माती, भाताचं तूस आणि काड्या-तंतू मिसळून गिलावा दिला, वर चुन्याचा पातळ हात. तो वाळल्यावरच डिंक-सरसासारख्या चिकट द्रव्यात कालवलेला रंग चढवला. म्हणूनच पाणी झिरपलं की रंगाचे पापुद्रे सुटतात आणि गिलाव्यातलं तूस किडे पोखरतात.

लाल-पिवळी गेरू, काजळी, हिरवी माती हे सगळं साधंच. निळा मात्र अफगाणिस्तानातल्या लाजवर्दी दगडाचा, आणि तो ९-१० क्रमांकांच्या जुन्या लेण्यांतल्या मूळ चित्रांत नाही, पाचव्या शतकातल्या कामात दिसतो. १९२०-२२च्या सुमारास निजामाने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी सुटणारा रंग लाखेच्या वार्निशने धरला. चित्रं वाचली खरी, पण ते वार्निश पिवळं पडलं. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीचा (हातात कमळ घेतलेल्या बोधिसत्त्वाचा) पिवळट झाक आलेला चेहरा बघताना हे ध्यानात ठेवा. नाकाच्या शेंड्यावरचा, हनुवटीवरचा उजळ रंगाचा हात मात्र अजून टिकून आहे, तो बाजूला उभं राहून बघा.