बाईकच्या टाकीवरचे स्टिकर कडेने उचकटतायत, चिकटवू की सगळेच काढून टाकू?

ऐरोलीकर_१५०:
मंडळी, विषय किरकोळ आहे पण रोज डोळ्यात खुपतोय. गाडी १५० सीसी, इंजिन एकदम झकास, पण टाकीच्या दोन्ही बाजूंचे कंपनीचे स्टिकर कडेने सुटायला लागलेत. डावीकडचं टोक तर वळून उभंच राहिलंय, त्याच्या खाली काळी रेघ धरलीय आणि बोट फिरवलं की बारीक रेती हाताला लागते. मागच्या पॅनलवरचे स्टिकर मात्र ठणठणीत आहेत, मग टाकीवरच काय झालं? गाडी दिवसभर स्टेशनबाहेर उन्हात उभी असते. ऑफिसातला एकजण म्हणतो फेविक्विक मार आणि विषय संपव, पेंटर म्हणतो वरून लॅकर (पारदर्शक थर) मारून देतो, घरचे म्हणतात खरवडून साधी काळी ठेव. पावसाळा तोंडावर आलाय, काय करू?

घोडबंदर_रायडर:
फेविक्विक अजिबात नको भावा. ते सुकलं की काचेसारखं कडक होतं, स्टिकर उन्हात थोडा ताणतो-आकसतो तसं ते होत नाही, मग बाजूची कड सुटते आणि वर आजूबाजूच्या रंगावर पांढरी झाक येते ती वेगळीच. नंतर काढायला गेलास तर रंगासकट निघेल.
टाकीवरच का, तर पेट्रोल. पंपावर ऑटो कट झाल्यावरही "अजून थोडं, राउंड फिगर करा" म्हणतो ना आपण, ते झाकणाखालून ओघळतं आणि सरळ स्टिकरच्या वरच्या कडेत शिरतं, गोंद तिथेच मऊ पडतो. त्यात गुडघे घासतात. मागच्या पॅनलला यातलं काहीच नाही. टाकीला रेक्झिनचं कव्हर घातलेलं असेल तर तेही काढ, आत पाणी आणि रेती अडकून राहते आणि स्टिकर पॉलिश पेपर मारल्यासारखा झिजतो.

नेरूळ_रेडियम:
माझं रेडियमचंच, म्हणजे गाडीचे स्टिकर कापून लावायचं काम आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो, दुकानाची जाहिरात नाही. आधी नख फिरवून बघा. स्टिकरची कड नखाला लागत असेल तर तो रंगाच्या वर लावलेला आहे, घरी काम होतं. कडच लागत नसेल तर तो लॅकरच्या खाली असतो आणि तेव्हा जे सुटतंय ते लॅकर, स्टिकर नाही, ते काम पेंटरकडेच. तुमचं टोक उभं राहिलंय म्हणजे वरचाच.
आता शांपूने धुवा, पूर्ण सुकवा, आणि वळलेल्या टोकाला हेअर ड्रायरने जरा ऊब द्या, हाताला सोसेल एवढीच. हीट गन असेल तर लांबून, नाहीतर स्टिकर गोळा होतो. मऊ झाला की उलटी बाजू नीट बघा. गोंद अजून चिकट असेल तर कान साफ करायच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून रंगावरची ती काळी रेघ आणि रेती काढा. गोंदावर काडी घासू नका, त्यावरचे कण सेलोटेपने हलके टिपून घ्या. मग परत ऊब देऊन जुन्या एटीएम कार्डाला फडकं गुंडाळून आतून बाहेर दाबत या. धुणं दोन-तीन दिवस बंद, गोंदाला पूर्ण पकडायला तेवढा वेळ लागतो.
गोंद तपकिरी पडून पावडर झाला असेल, किंवा स्टिकर आकसून त्याच्या कडेला रंगाची नवी पट्टी उघडी पडली असेल तर मात्र चिकटवत बसू नका, आठवड्यात परत उठतो. सरळ नवा लावा. गिऱ्हाईक रागावतं पण खरं ते हेच.

ऐरोलीकर_१५०:
उजवीकडचा चिकट आहे, डावीकडचा तुम्ही म्हणता तसा पावडर झालाय. म्हणजे डावा काढायचा. कंपनीचाच घेऊ की तुमच्यासारख्याकडून कापून? आणि खालचा गोंद थिनरने काढू ना?

कोपरीची_स्वार:
थिनर नको!! रंगाची चमक जाते आणि चुकून प्लॅस्टिकच्या पॅनलवर पडला तर ते पांढरं पडून चिरा जातात. स्टिकर गरम करून अगदी तिरक्या कोनात हळूहळू ओढ, झटका दिलास की वरचा पापुद्रा हातात आणि गोंद टाकीवर. राहिलेल्या गोंदाला रॉकेल किंवा डब्ल्यूडी-४० (तेलकट स्प्रे) लावून थोडा वेळ ठेव, मग कापडाने पुसून शांपूने धू, तेलकटपणा राहिला तर नवा स्टिकर धरणारच नाही. ब्लेड तर लांबच ठेव. स्टिकरखालचा रंग गडद दिसेल कारण बाकीची टाकी उन्हाने उडालेली असते, हलक्या रबिंग कंपाउंडने फरक कमी होतो पण पूर्ण जात नाही, म्हणून नवा स्टिकर त्याच आकाराचा घेतलेला बरा.
आणि पेंटरच्या लॅकरबद्दल, उचकटलेल्या स्टिकरवर लॅकर मारणं म्हणजे घाण आत कोंडणं. नव्या स्टिकरवर मारायचंच असेल तर हार्डनर मिसळायचं टू-के लॅकर, पातळ थरात, कारण ओला थर जाड झाला तर स्टिकर सुरकुततो. ते रंगकामाच्या बंद बूथमध्ये नीट मास्क घालून मारायचं काम आहे, गच्चीत रुमाल बांधून नाही. डब्यातला साधा स्प्रे टाकीवर मारलास तर पेट्रोलचा पहिला थेंब पडला की तिथेच चिकट होतो.

नेरूळ_रेडियम:
ताई बरोबर. कंपनीचा मिळत असेल तर कंपनीचाच, स्पेअरच्या काउंटरवर डावा-उजवा वेगळा मागता येतो, रंग आणि मॉडेलचं वर्ष नीट सांगा नाहीतर भलताच येतो. मिळाला नाही तर उजव्यावरून ट्रेस करून कापून घ्या, पण "कास्ट व्हिनाइल" मागा, म्हणजे स्टिकरची पातळ, सहसा न आकसणारी फिल्म. स्वस्तातलं, "कॅलेंडर्ड" नावाचं व्हिनाइल टाकीच्या गोलाईवर ताणून बसतं आणि उन्हात परत आकसतं. छापील डिझाइन असेल तर वर लॅमिनेशन हवंच, नाहीतर लाल रंग आधी उडतो.
लावताना बाटलीत पाणी आणि शांपूचे चार थेंब, फवारून स्टिकर सरकवून जागेवर आणा, वरून मास्किंग टेपने धरा आणि मधून कडेकडे पाणी काढा. बुडबुडा राहिला तर टाचणीने टोचा, कापू नका. एक मात्र, पाऊस सुरू व्हायच्या आधी उरका. जुलैत दमट हवेत खालचं पाणी सुकायला फार वेळ घेतं, तेव्हा दुकानात मीसुद्धा छोटे स्टिकर कोरडेच लावतो.

ऐरोलीकर_१५०:
रविवारी करतो. टाकीचा रंगच बदलून मॅट रॅप (बिनचमकीची फिल्म गुंडाळून) करावा असंही डोक्यात होतं.

घोडबंदर_रायडर:
ते केलंस तर आरसीवर रंगाची नोंद बदलून घ्यावी लागेल, आरटीओत चक्कर आलीच. स्टिकरपुरतं ठेव. आणि पंपावर ऑटो कटला थांबायचं, नाहीतर पुढच्या मे महिन्यात परत इथेच विचारशील.